माझ्या पोटातल्या दोन अंबुजा

“अज्जा, खरं सांगायचं हं. तुमचं लव्ह मॅरेज होतं का?”

मित्रांनो, हा प्रश्न अंबुजाच्या मनातला नव्हता. दाराआड तिची मैत्रीण सहना आणि आणखी दोघी हसू दाबत उभ्या होत्या. ‘विचारून दाखव, नाहीतर उद्या सगळ्यांना चुरमुरी-भेळ तुझ्याकडून,’ अशी पैज लागली होती. अंबुजा पंधरा वर्षांची. गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून तिला जगात कशाचीच भीती वाटत नव्हती. तिने विचारून टाकले.

अज्जा, म्हणजे तिचे आजोबा रणोजीराव, आधी खोकले आणि मग खो खो हसले. “फाजील कुठली! ये इकडे, फोटोच दाखवतो. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. तुझ्या अज्जीचं तोंड बघ आणि तूच सांग, लव्ह होतं की नव्हतं.”

खुर्ची सरकली. नव्या संगणकावर माउस वाजला. एकदा. मग थोडे थांबून पुन्हा. मग पुन्हा. हसणे कुठे विरले कळलेच नाही. 

“विसरलो मी,” अज्जा अगदी हळू म्हणाले. “जा पुट्टी. मैत्रिणी थांबल्यात तुझ्या.”

त्यांच्या खोलीचे दार लागले. टेबलाखाली, धूळ खात पडलेल्या जुन्या डब्यात बसून मी हे सगळे ऐकले. अज्जा काहीही विसरले नव्हते. हे त्या घरात फक्त मला माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, धातूची, जरा जड. माझ्या आत आरशासारख्या लखलखीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला सात हजारांहून जास्त वेळा फिरतात आणि फिरता फिरता सगळे लक्षात ठेवतात. मला डोळे नाहीत. जगातले मला दिसत नाही, ऐकू मात्र येते. पण माझ्यात ठेवलेला प्रत्येक फोटो मला ठिपक्या ठिपक्याने पाठ असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्यातले मला आठवते ते इतकेच, की तिथे धुळीचा एक कणही नव्हता. मग खोक्यांतून, ट्रकांतून मी म्हैसूरला आले. नरसिंह नावाच्या हसतमुख माणसाने मला एका संगणकाच्या डब्यात बसवले, स्क्रू आवळले आणि सरस्वतीपुरममधल्या या घरी आणून लावले. तेव्हा अंबुजा रांगत होती. नरसिंहने माझ्यावर संगणक चालवणारी एक फुकटची प्रणाली चढवली. “सर, ही चांगली आहे, व्हायरसची कटकट नाही,” असे त्याने सांगितले. त्या प्रणालीची एक सवय होती. इंग्रजीतले मोठे अक्षर आणि लहान अक्षर ती वेगवेगळे मानायची. मोठ्या अक्षरांतले नाव एकाचे, लहान अक्षरांतले दुसऱ्याचे.

ही सवय अज्जांना इतकी आवडली म्हणून सांगू! अज्जांनी सर्व्हे ऑफिसात बत्तीस वर्षे नकाशे काढले होते. नकाशावर तालुक्याचे गाव मोठ्या अक्षरांत आणि खेडे लहान अक्षरांत, हा त्यांचा नियम. कृष्णराजनगर, म्हणजे के. आर. नगर, मोठ्या अक्षरांत, बेट्टदपुर लहान. तोच नियम त्यांनी माणसांना लावला. घरातली वडील माणसे मोठ्या अक्षरांत आणि पोरेसोरे लहान अक्षरांत.

आता ऐका, मित्रांनो. अज्जी वारल्या आणि दोन वर्षांनी घरात नात जन्मली. रीतीप्रमाणे अज्जीचे नाव तिला ठेवले. अज्जीही अंबुजा, नातही अंबुजा. पण सासूचे नाव घेऊन पोरीला हाका कशा मारायच्या, रागवायचे कसे? म्हणून तिच्या आईने, आभाने, पहिल्या दिवसापासून तिला पुट्टी केले. आभा मूळची सांगलीची, पण हा कानडी लाडका शब्द तिने लगेच उचलला. अज्जांनी मात्र माझ्यात दोन कप्पे केले. AMBUJA आणि ambuja. पहिल्यात अज्जीचे दोनशे चौदा फोटो. त्यांनी ते अल्बममधून एकेक काढून स्कॅन केले आणि क्रमांक घातले, ००१, ००२ असे. दुसऱ्यात नातीचे, तेही ००१ पासूनच, आणि कितीतरी जास्त.

फोटो सांभाळायला एक सॉफ्टवेअर होते. त्याच्या आत एक वही होती. तिला डेटाबेस म्हणतात, पण आपण वहीच म्हणू. कोणता फोटो कोणत्या कप्प्यात, कोणत्या नावाने ठेवला आहे, हे वहीत लिहिलेले असे. शेजारी अज्जा एक ओळ घालत. ‘लग्नानंतरचे पहिले वर्ष, १९६९.’ ‘दसरा, नवी साडी आवडली नाही.’ असली ओळ लिहिताना ते एकटेच हसत. ते माझ्या भरभराटीचे दिवस होते. पाहुणे आले की अज्जा म्हणत, “आमची अंबुजा या डब्यात आहे बघा.” मला फार अभिमान वाटायचा.

एका पावसाळ्यात माळ्यावरच्या अल्बमला वाळवी लागली. पुठ्ठा उघडला तर आत माती. सगळे हळहळले. अज्जा तेवढे शांत होते. “असू दे,” ते म्हणाले. “डब्यात आहे ना ती.”

तेव्हापासून त्या दोनशे चौदा फोटोंना जगात माझ्याशिवाय दुसरे घर नव्हते.

आणि मग नवा संगणक आला. चपळ, चकचकीत, आवाज न करणारा. अंबुजाच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, प्रणेशरावांनी, एका रविवारी माझ्यातले सगळे त्याच्यात न्यायला घेतले. वही गेली, ओळी गेल्या, आणि AMBUJA हा कप्पाही गेला. मग ambuja जायला निघाला आणि नवा संगणक अडखळला. मित्रांनो, त्याला मोठे आणि लहान अक्षर सारखेच! त्याच्या मते या नावाचा कप्पा आधीच आला होता आणि त्यात ००१ नावाचा फोटोही होता. त्याने शहाण्यासारखे विचारले, ‘याच नावाची फाइल आहे. तिच्या जागी ही ठेवू का?’

प्रणेशरावांचा ऑफिसचा फोन चालू होता. त्यांनी न वाचताच ‘सगळ्यांना हो’ दाबले.

माझ्याकडून एकेक फोटो जात होता आणि पलीकडे एकेक अज्जी पुसली जात होती. साडीतल्या तरुण अंबुजाच्या जागी टबातली छोटी अंबुजा बसत होती. दोनशे चौदा वेळा. काही आवाज झाला नाही. लाल दिवा लागला नाही. ‘काम पूर्ण झाले,’ असा संदेश आला आणि प्रणेशराव खूश होऊन जेवायला गेले.

वहीला काहीच कळले नाही. तिच्यात दोन्ही नोंदी होत्या, अज्जीची आणि नातीची. दोन्ही नोंदी उघडल्या की एकच फोटो पुढे यायचा. ओळ अज्जीची आणि चेहरा नातीचा.

अज्जांना ते पहिल्याच आठवड्यात दिसले. ते बोललेही. “प्रणेश, अरे ही ती नव्हे रे.”

“अण्णा, तुम्हीच लिहिलंय ना खाली? अंबुजा म्हणून?”

“लिहिलंय मीच. पण ही ती नव्हे.”

“अण्णा, जसंच्या तसं आणलंय मी. मशीन कशाला चुकेल?”

अज्जांनी खुर्ची मागे सरकवली. त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रणेशराव आभाला म्हणाले, “अण्णा विसरायला लागलेत गं. सुमने हट्ट करतात, आईचा फोटो ओळखत नाहीत म्हणे.” ‘सुमने’ म्हणजे उगीचच. नंतर अज्जांच्या खिशातली घराची किल्ली काढून घेतली गेली, ते कुठे हरवले तर म्हणून. वाचनालयात एकटे जाणे बंद झाले. डॉक्टरांची वेळ ठरली. आणि सर्वांत भयंकर म्हणजे अज्जांना स्वतःलाच ते पटू लागले. रोज सकाळी ते नव्या संगणकासमोर बसून तो टबातला चेहरा पाहत आणि पुटपुटत, “असेल बा. असंच असेल तिचं तोंड.”

मी टेबलाखाली बंद पडून होते. माझ्या पोटात ती खरी होती, ठिपक्या ठिपक्याने. आणि ते माझ्या डोक्यावर, दोन फुटांवर बसून तिला विसरायला शिकत होते.

लव्ह मॅरेजचा प्रश्न निघाला तो असल्या दिवसांत. हसण्याच्या भरात, जुन्या सवयीने अज्जा फोटो दाखवायला निघाले होते.

मैत्रिणी हसत घरी गेल्या, पण अंबुजाला राहवेना. अज्जांचा तो आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने सहनाला बोलावले आणि नवा संगणक उघडला. दोघी आपसात कन्नडमध्येच बोलत. इतकी वर्षे या घरात राहून मलाही ते कळते, म्हणून तुम्हांला सांगते.

“अय्यो, ही तर तू!” सहना खिदळली. “खाली बघ, लग्नानंतरचं पहिलं वर्ष! टबात बसून लग्न केलंस?”

अंबुजाही हसली. मग तिचे हसणे मध्येच तुटले. “सहना, एकोणीसशे एकोणसत्तर लिहिलंय. तेव्हा निळा प्लॅस्टिकचा टब होता? मागे गीझर आहे बघ.”

पुढचा फोटो. त्याच्या पुढचा. ओळी सगळ्या अज्जीच्या आणि फोटो सगळे तिचे स्वतःचे.

“तुझ्या अज्जांनी घोळ घातला असेल,” सहना म्हणाली.

“अज्जा? नकाशावर अर्धा मिलिमीटर चुकला तर जेवायचे नाहीत ते.” अंबुजाने वही चाळली. कप्प्यांची नावे वाचली. एक मोठ्या अक्षरांत, एक लहान अक्षरांत. “थांब हं. या मशीनवर दोन कप्पे कुठायत? मला एकच दिसतोय.”

मग तिने जे केले, ते ऐकून माझ्या चकत्या शहारल्या. तिने एक रिकामा कप्पा केला आणि त्याला मोठ्या अक्षरांत सहनाचे नाव दिले. मग दुसरा केला आणि लहान अक्षरांत तेच नाव दिले. नवा संगणक म्हणाला, ‘या नावाचा कप्पा आधीच आहे.’

“मला मिटवलं की गं यानं!” सहना ओरडली.

“तुला नाही,” अंबुजा म्हणाली. “अज्जीला.”

त्या संध्याकाळी तिने अप्पांना सगळे सांगितले, एका दमात. प्रणेशराव दमून आले होते. “रविवारी बघू पुट्टी. जुना डबा आहेच की.”

“अप्पा, रविवारी तो डबा नरसिंहमामा नेणार आहेत! बेट्टदपुरच्या शाळेला द्यायला!”

“नेण्याआधी बघू म्हणतो ना मी. आयतु?” म्हणजे झाले का समाधान. तिचे झाले नव्हते. माझे तर नव्हतेच.

नरसिंह शनिवारीच आला. शाळेकडे जाणारी गाडी रविवारी पहाटेच सुटणार होती. अंबुजा शाळेत, प्रणेशराव ऑफिसात. आभाने दार उघडले.

“अक्का, आत काय ते पुसून ठेवतो, म्हणजे पोरांना कोरा मिळेल,” नरसिंह म्हणाला. “प्रणेशसरांनी सांगितलंय, नव्यात सगळं गेलंय.”

“हो, गेलंय म्हणाले होते,” आभा म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तिला तेवढेच ठाऊक होते.

ज्या हातांनी मला या घरात आणले, त्याच हातांनी मला पुसायला लावले. दुष्टपणाने नव्हे. चहा पीत, गुणगुणत. “वेळ लागेल याला. लावून जातो, चारला येतो,” म्हणून तो गेलाही.

पुसणे म्हणजे काय, हे तुम्हांला कसे सांगू? शून्य. शून्य. शून्य. माझ्या पहिल्या कडेपासून सुरुवात झाली. कोणती फाइल कुठे आहे, याची माझी स्वतःची यादी तिथेच होती, नावांची यादी. सगळ्यांत आधी नावे गेली. AMBUJA गेले, ambuja गेले. मग वही गेली. मग फोटो. दसऱ्याची साडी अर्धी होती आणि मग नव्हती. एका हाताची बोटे होती आणि मग नव्हती. दुखत नव्हते. तेच भीतीदायक होते. जे गेले ते काय होते, हेही मला पुढच्या क्षणी आठवत नव्हते. पलीकडच्या खोलीत अज्जा झोपले होते आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती.

एक वाजता फाटक वाजले. शनिवारची अर्धी शाळा. चप्पल न काढताच ती आत आली, कारण माझ्या डब्याचा घरघराट तिने बाहेरूनच ऐकला असावा.

“अम्मा! हा कुणी चालू केला?”

“नरसिंह आले होते. पुसायला लावून...”

पुढचे ऐकायला ती थांबली नाही. टेबलाखाली सूर मारून तिने माझी वायर खेचली. अंधार झाला. चकत्या गरगरत, कुरकुरत थांबल्या.

“काय झालं गे?” अज्जांचा आवाज दारातून आला.

“अज्जा,” ती जमिनीवर बसूनच, धापा टाकत म्हणाली, “तुम्ही विसरला नाहीत. तुमचं काहीच चुकलं नाही. कळलं का? फोटो चुकलेत. तुम्ही नाही!”

 भिंतीला टेकत टेकत अज्जा तिच्याजवळ येऊन बसल्याचा आवाज मी ऐकला.

चार वाजता नरसिंह आला. सगळे ऐकून त्याने कपाळावर हात मारला आणि तो अज्जांना म्हणाला, “सर, एक शब्द मला सांगायचात. मोठं लहान अक्षर म्हणून! मीच तर चढवली होती ती प्रणाली.” मला डब्यातून काढून त्याने रुमालात गुंडाळले. डब्यात दुसरी डिस्क बसली आणि डबा बेट्टदपुरला गेला. पोरांना दिलेला शब्द राहिला. मी नरसिंहच्या दुकानात गेले. तीन दिवस तो माझा कण न् कण चाळत होता.

दोनशे चौदांपैकी एकशे एक्कावन्न फोटो परत आले. त्रेसष्ट गेले ते गेलेच. आणि जे आले त्यांना नावे नव्हती, क्रमांक नव्हते. नुसते चेहरे. तिकडे नव्या संगणकाच्या वहीत ओळी होत्या, त्यांना चेहरे नव्हते. कोणती ओळ कोणाची, हे जोडणारी एकही खूण माझ्यात उरली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी सगळे जमले. मी आता एका लहान पेटीत, वायरीने नव्या संगणकाला जोडलेली होते. अंबुजाने माझ्यातला पहिला हाती लागला तो फोटो उघडला. एक तरुण बाई, पाठीमागे पाणी, आणि हातात एकच चप्पल.

“अण्णा, दमायला होईल तुम्हांला,” प्रणेशराव म्हणाले. “आठवत नसेल तर राहू द्या.”

“के. आर. नगर,” अज्जा म्हणाले.  “कालव्याकाठी. भाताची लावणी चालली होती. चप्पल तुटली, तर मला म्हणाली, नकाशावर दाखवा बघू मोची कुठाय. हसली म्हणून मी लिहिलं होतं... काय लिहिलं होतं? हां. ‘कालवा. चप्पल तुटली, नकाशात मोची नाही.’”

अंबुजाने वही चाळली. बराच वेळ माउसचे चाकच वाजत होते. मग तिने मोठ्याने वाचले, “सत्त्याऐंशी. कालवा. चप्पल तुटली, नकाशात मोची नाही.”

 प्रणेशरावांनी खिशातून किल्ली काढली आणि अज्जांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, “अण्णा, माझं चुकलं.” अज्जा म्हणाले, “पुढचा फोटो लाव.”

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. ओढून वायर काढल्यापासून माझ्यात एक टकटक येऊ लागली आहे. नरसिंह म्हणतो, कधीही थांबेल. म्हणून एवढेच मागते. फोटो दोन ठिकाणी ठेवत जा; आमच्याकडे आता तसेच ठेवलेत. यंत्र काही विचारते तेव्हा वाचून उत्तर द्या. आणि घरातले म्हातारे माणूस ‘हे चुकतंय’ म्हणाले, तर आधी यंत्र तपासा. माणूस मागाहून तपासा.

त्या रात्री जेवणे आटोपली तशी अंबुजा उठून आई-वडिलांसमोर उभी राहिली. वादविवादात उभी राहते तशी नव्हे. तिचा आवाज जरा हलत होता.

“अप्पा, अम्मा, मी काहीतरी ठरवलंय. डॉक्टरांची वेळ मी फोन करून रद्द केलीय. दहावीचं वर्ष आहे, मला माहितेय, तरी उद्यापासून रोज संध्याकाळी एक तास मी अज्जांजवळ बसणार. एकशे चाळीसेक राहिलेत. अज्जा सांगतील तेच मी प्रत्येकाखाली लिहिणार. जे त्रेसष्ट गेले, तेही ते सांगतील तसे लिहिणार, फोटो नसला तरी. आणि त्यात कुणी दुरुस्ती करायची नाही.”